डिमेन्शिया आजीला, झोप उडाली आईची: सांभाळणाऱ्याच्या ताणाचं काय करायचं?

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. आजारी माणसाच्या उशाशी बसून हेडफोन लावता येत नाही, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं. त्यांच्यासाठी हा खास. बोलण्यातले "बघा", "म्हणजे" थोडे काढलेत, थोडे राहू दिलेत.

विषय आहे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. पण आज आपण पेशंटबद्दल कमी आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाबद्दल जास्त बोलणार आहोत. हे माणूस बहुतेक घरांत आई असते, नाहीतर काकू, वहिनी किंवा बायको. तिचा बीपी किती, ती शेवटची सलग सहा तास कधी झोपली, हे घरात कोणी विचारत नाही.

मी मूळचा पारशिवनीचा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या आजीला हा आजार आहे आणि तिचं सगळं आई बघते. मी डॉक्टर नाही. जे वाचलं, डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि घरी वापरून पाहिलं, ते सांगतोय.

आधी थोडं आजाराबद्दल

आपल्याकडे म्हातारं माणूस विसरायला लागलं की लोक म्हणतात, "साठी बुद्धी नाठी." कोणी म्हणतं म्हातारचळ लागला. पण डिमेन्शिया म्हणजे नुसतं वय होणं नव्हे. त्यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण, आणि मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यानेही तो होतो.

भारतात ६० वर्षांवरच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. टक्केवारीत सांगायचं तर ७.४. म्हणजे तेरा-चौदा ज्येष्ठांमागे एक. आणि याच अभ्यासात शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसलं. त्यामुळे "हे मोठ्या शहरातल्या लोकांचे आजार" हा समज सोडून द्या. पारशिवनी, रामटेक, सावनेर, कुठल्याही गावात एका आळीत असं एखादं घर सापडेल.

डोनेपेझिल, मेमॅन्टीन यांसारखी औषधं काही जणांची लक्षणं थोडा काळ सावरून धरतात. आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. मात्र एक गोष्ट नक्की करा: तपासणी. बी-१२ कमी असणं, थायरॉइड बिघडणं, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, यानेही माणूस विसरायला लागतो आणि यावर उपचार आहेत. "वय झालं" म्हणून घरी बसवून ठेवलं तर हे कधी कळणारच नाही.

हा ताण इतर आजारपणापेक्षा वेगळा का?

पाय मोडलेल्या माणसाला दीड-दोन महिने सांभाळायचं असतं. तो रोज थोडा बरा होतो आणि "पोरी, तू होतीस म्हणून" असंही म्हणतो. डिमेन्शियात तिन्ही गोष्टी उलट. मुदत माहीत नाही, वर्षानुवर्षं चालतं. माणूस रोज थोडा कमी होतो. आणि जी सगळ्यात जास्त करते, तिच्यावरच आळ येतो.

"माह्ये पैसे कोणी नेले?" हा प्रश्न ज्या घरात डिमेन्शिया आहे त्या घराला नवा नाही. आजीनेच पैसे गादीखाली ठेवलेले असतात. पण ठेवल्याची आठवण मेंदूत सेव्हच झालेली नसते. मग मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो: मी ठेवले नाहीत, म्हणजे कोणीतरी नेले. आणि समोर दिवसभर कोण दिसतं? सून. म्हणून चोर ती.

जुन्या आठवणी मात्र बराच काळ टिकतात. त्यामुळे आजीला पन्नास वर्षांपूर्वीची रामटेकची यात्रा आठवते आणि अर्ध्या तासापूर्वीचं जेवण आठवत नाही. पाहुण्यांसमोर ती छान गप्पा मारते. पाहुणे जाताना म्हणतात, "काही नाही झालं बुढीला, चांगली तर आहे!" आई तिथेच उभी असते. तिने रात्रभर जागून काढलेली असते.

यातलं एक दुःख असं आहे ज्याला आपल्याकडे नावच नाही. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस या अभ्यासिकेने त्याला नाव दिलं. आपण त्याला "अर्धवट वियोग" म्हणू. माणूस समोर बसलंय, जेवतंय, पण आपल्याला ओळखणारं ते माणूस गेलेलं आहे. धड रडताही येत नाही, कारण कोणी वारलेलं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "अस्तु" सिनेमा पाहिला नसेल तर घरच्यांसोबत बसून पाहा. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक असलेले वडील हत्तीच्या मागे निघून जातात आणि मुलगी त्यांना शोधत फिरते. ती भूमिका केली आहे मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मुलीचा राग, थकवा आणि प्रेम एकाच वेळी कसं असतं, ते त्यात दिसतं.

आजार कमी न होता ताण कमी होतो का?

हा आजच्या भागातला मुख्य प्रश्न. कारण बहुतेक सांभाळणाऱ्यांना वाटतं की जोवर आजी अशी आहे तोवर माझं असंच चालणार.

याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधलं गेलं. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८१ कुटुंबांसोबत एक प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण अर्ध्या कुटुंबांकडे सहा महिने घरी येणारा सल्लागार पाठवला गेला. बाकीच्यांना तीच मदत सहा महिन्यांनंतर मिळाली. आता हा सल्लागार कोण? मोठा डॉक्टर नाही. स्थानिक भाषा येणारं, बारावीपर्यंत शिकलेलं, म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायची इच्छा असलेलं आणि छोटं प्रशिक्षण घेतलेलं माणूस. मागे मानसोपचारतज्ज्ञांचं मार्गदर्शन होतंच.

तो माणूस घरी येऊन काय करायचा? आजार समजावून सांगायचा. आजी असं वागली तर काय करायचं, ते सुचवायचा. गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवायचा. सरकारी योजनांची माहिती द्यायचा. अशाच दुसऱ्या कुटुंबांशी ओळख करून द्यायचा. आणि ऐकून घ्यायचा.

सहा महिन्यांनी काय दिसलं? पेशंटच्या वागण्यात म्हणावा असा ठोस फरक सिद्ध झाला नाही. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, आणि त्याच वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला.

पुन्हा वाचा. आजी तशीच होती, सुनेचं ओझं हलकं झालं.

लंडनमध्येही असाच एक प्रयोग झाला, २६० सांभाळणाऱ्यांसोबत. आठ भेटी, आणि शिकवणारे होते मानसशास्त्राचे पदवीधर. २०१३ मध्ये त्याचे निकाल आले: ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यात चिंता आणि नैराश्य कमी होतं. दोन वर्षांनंतरही फायदा टिकून होता.

आता पारशिवनीत असा सल्लागार दारात येणार नाही. पण तो जे करतो त्यातलं बरंच काही घरातली चार माणसं वाटून करू शकतात. कसं, ते पाहू.

१. वाद जिंकायचा नाही

आजी म्हणते, "मले कोणी जेवाले देत नाही." आपण म्हणतो, "आत्ताच तर जेवली तू!" ताट दाखवतो, साक्षीदार आणतो. दहा मिनिटं भांडण. आजी रडते, आई चिडते, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न.

पुरावा देऊन उपयोग नाही, कारण पुरावा साठवायची जागाच बिघडली आहे. त्याऐवजी आई आता म्हणते, "हो आई, भात होतच आहे. तोवर हा सांबार निवडून द्या बरं." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हं, इडलीसोबतचा नाही! आजीच्या हाताला काम मिळतं, आपली गरज आहे असं तिला वाटतं आणि प्रश्न मागे पडतो. कधी पडतही नाही. तेव्हा दोन बिस्किटं.

पैशाचा आळ आला तर "मी नाही घेतले" म्हणण्यापेक्षा "चला, दोघी मिळून शोधू" हे बरं. छोट्या बटव्यात सुटे पैसे हाताशी ठेवा. आणि सुनेसमोर घरातल्या बाकीच्यांनी एकदा स्पष्ट म्हणावं, "आम्हाला माहीत आहे, हे आजारामुळे आहे." हे एक वाक्य ऐकायला ती माउली किती दिवस थांबलेली असते!

२. ड्यूटी लावा, कागदावर

आयटीमध्ये असलेल्यांना ऑन-कॉल माहीत आहे. सर्व्हर रात्री पडला तर कोण उठणार, याची पाळी ठरलेली असते. कुठलीही कंपनी एकाच माणसाला ३६५ दिवस ऑन-कॉल ठेवत नाही, कारण तो माणूस पडला की सगळंच पडतं. घरात मात्र आपण आईला नेमकं तेच करायला लावतो.

"काही लागलं तर सांग" ही मदत नव्हे, कारण सांगायचं कामही तिच्याच डोक्यावर राहतं. नाव आणि वेळ लिहा. आमच्या भिंतीवरचा कागद असा आहे: सकाळी आजीचा चहा आणि फिरणं बाबांकडे. कन्हानची आत्या शनिवारी दुपारी बारा ते पाच. संध्याकाळी सात ते आठ चुलत भाऊ. रविवारची रात्र बाबांची.

यात एक नियम कडक आहे. ज्याची ड्यूटी संपली त्याने तिथून उठायचं. आत्या आली आणि आई तिच्यासाठी स्वयंपाक करत बसली, तर त्याला सुट्टी म्हणत नाहीत. आई शेजारी जाईल, भजनाला जाईल, नाहीतर दुसऱ्या खोलीत दार लावून झोपेल. आणि आजी आत्यासोबत थोडी कुरकुरली तरी आईला हाक मारायची नाही.

भाऊबंद जवळ नसतील तर पैसे देऊन दिवसातून तीन-चार तास बाई ठेवा. यात लाज कसली? "सासूले बाईच्या भरवशावर सोडलं" म्हणणारी माणसं रात्री दोन वाजता उठायला येत नाहीत.

३. संध्याकाळ आणि झोप

डिमेन्शियाच्या बऱ्याच पेशंटांची दिवस मावळताना घालमेल वाढते. "मले घरी जायचं आहे" असं स्वतःच्याच घरात बसून म्हणतात. सावल्या लांब होतात, डोळ्यांना नीट दिसत नाही, मेंदू थकलेला असतो. काही उपाय साधे आहेत: अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, दुपारची झोप आटोपशीर ठेवा, चहा दुपारनंतर टाळा, सकाळी उन्हात फिरवून आणा, आणि संध्याकाळी टीव्हीवरचा आरडाओरडा बंद.

सांभाळणाऱ्याची झोप ही चैन नाही. सलग झोप मोडली की चिडचिड वाढते, बीपी चढतो, हातून औषधांची गफलत होते. म्हणून आठवड्यातल्या किमान दोन रात्री दुसऱ्याने घ्याव्यात. एक सक्त सूचना: आजीला शांत करायला औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी स्वतःच्या मनाने आणू नका. अशा पेशंटांमध्ये त्याने पडण्याचा धोका वाढतो आणि गोंधळही वाढू शकतो.

४. वहीत नोंद ठेवा

बग पकडायचा तर आधी लॉग बघतो ना आपण? तसंच. एक वही: तारीख, वेळ, काय झालं, त्याआधी काय चाललं होतं. दोन आठवड्यांत पॅटर्न दिसायला लागतो. आंघोळीला दरवेळी ओरडते, म्हणजे पाणी गार आहे का? बाथरूममध्ये अंधार आहे का? पोट साफ नाही का? दुखतंय आणि सांगता येत नाही, असं तर नाही? डॉक्टरांकडेही हीच वही न्या. "खूप त्रास देते" यापेक्षा "आठवड्यातून चार वेळा, सहा ते आठच्या मध्ये" यातून डॉक्टरांना जास्त कळतं.

आणि हे लक्षात ठेवा: डिमेन्शिया महिन्यांनी वाढतो. एक-दोन दिवसांत आजी एकदम भलतंच बोलायला लागली, सारखी झोपून राहायला लागली किंवा भ्रम व्हायला लागले, तर ते लघवीचा संसर्ग, शरीरातलं सोडियम कमी होणं किंवा पाणी कमी पडणं यामुळे असू शकतं. मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो आणि या पेशंटांना तहान लागल्याचं सांगता येत नाही. अशा वेळी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

५. हरवण्याची भीती कमी करा

आमच्या भागात कालवा आहे, शेतात विहिरी आहेत. आजी दारातून एकटी निघाली तर, या एका विचाराने आई तासन्‌तास कान टवकारून असायची. दाराला घंटी लावली, ती उघडताच वाजते. आजीच्या कपड्याच्या आत फोन नंबरची कापडी पट्टी शिवली. किराणा दुकान आणि बस स्टँडवरच्या दोन ओळखीच्यांना सांगून ठेवलं. अलीकडचा एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. आणि तरीही हरवलीच, तर संध्याकाळपर्यंत वाट न बघता ११२ ला फोन.

शेजाऱ्यांना आजार सांगण्यात घराची अब्रू जात नाही. उलट चार डोळे जास्तीचे मिळतात.

६. सांभाळणाऱ्याचीही तपासणी

सांभाळणाऱ्याचं ओझं मोजायला डॉक्टर एक प्रश्नावली वापरतात, झारिट नावाची, २२ प्रश्नांची. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, राग येतो का, तब्येत बिघडली का, असे त्यातले प्रश्न. यातल्या कुठल्याच भावनेची लाज वाटायला नको. "एकदाची सुटली तर बरं" असा विचार मनात आला म्हणून कोणी वाईट सून होत नाही. थकलेल्या माणसाच्या डोक्यात तो येतो.

पण काही खुणा दिसल्या तर मदत लगेच घ्या. दोन आठवडे सतत उदास वाटणं. संधी मिळूनही झोप न येणं. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकणं. आजीवर हात उगारला जाणं. जगणं नको वाटणं. हात उगारावासा वाटला त्या क्षणी आजी सुरक्षित आहे एवढं बघून खोलीबाहेर जा आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलवा.

फोनमध्ये सेव्ह करा

टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर सांभाळणाऱ्यासाठीही आहे, "मला वेड थोडंच लागलंय" म्हणून टाळू नका.

एल्डरलाइन, १४५६७. ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ.

रुग्णवाहिका, १०८.

तपासणीसाठी आमच्या भागातले लोक साधारण तासाभराचा प्रवास करून नागपूरला जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे नुसतं "मेडिकल" म्हणतात, तिथे मानसोपचार विभाग आहे. मिहानमधल्या एम्समध्येही आहे. आजीला न्यायच्या आधी कुठल्या दिवशी ओपीडी असते ते विचारून घ्या. रांगेत चार तास बसणं तिलाही झेपत नाही आणि सोबतच्यालाही नाही.

पुण्या-मुंबईत बसलेल्या आपल्यासाठी

आता शेवटचं, आणि हे थेट तुम्हाला, जे ऐकता-ऐकता "मी तर तिथे नाहीच" म्हणताय.

लांबून फोनवर सल्ले देणं बंद करू या. "काल डॉक्टरांना का नाही विचारलं?", "तिला असं बोलू नकोस" हे ऐकून आईचं काम एकाने वाढतं, कमी होत नाही. लांबून होण्यासारखी कामं भरपूर आहेत. औषधं संपायच्या आधी मागवणं. डॉक्टरांची वेळ ठरवणं. वीजबिल, बँक, पेन्शनचा हयातीचा दाखला यांची तारीख लक्षात ठेवणं. मदतनीस बाईचा पगार देणं. आजीला रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करून वीस मिनिटं जुन्या गोष्टी बोलायला लावणं, म्हणजे तेवढा वेळ आईला मोकळा. आणि सुट्टी घेऊन घरी गेलो की पाहुण्यासारखं न बसता दोन रात्रींची ड्यूटी आपल्या नावावर.

हा भाग संपला की घरी एक फोन करा. "आजी कशी आहे?" हे रोजच विचारतो. आज आईला विचारा, "आठवड्यातले कोणते चार तास तुला पूर्ण मोकळे हवेत?" पहिल्यांदा ती म्हणेल, "माझं काय, चालतंय." तिथे फोन ठेवू नका. वार ठरवा, वेळ ठरवा, त्या वेळी आजीजवळ कोण बसणार त्याचं नाव ठरवा. आणि ते कागदावर लिहून भिंतीवर लावायला सांगा.

तुमच्या घरी काय उपाय चालला, कुठला फसला, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यातले निवडक वाचून दाखवू, नावं न घेता. आणि ज्या घराला याची गरज आहे, तिथे हा भाग पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि काळजी घेणाऱ्यांचीही घ्या!